टर्बो किती, हा खरा प्रश्न

घोडेगावच्या कांदा मार्केटबाहेर एका पिकअपचं बॉनेट उघडं होतं. चालकाची तक्रार एकच: गाडी ओढत नाही आणि धूर काळा टाकते. ‘टर्बो गेला असणार, काका,’ असं त्यानं आधीच ठरवून टाकलं होतं. मिस्त्रीनं काही उत्तर दिलं नाही. एअर फिल्टरकडून येणारा रबरी पाईप क्लिप सैल करून बाजूला काढला, टर्बोच्या तोंडात दोन बोटं घातली आणि आतल्या चाकाचा मधला नट चिमटीत धरून आडवा हलवला. जरासा हलला. मग आत-बाहेर ओढून पाहिला. हलला नाही. चाक फिरवलं, ते कुठंही न घासता फिरलं. ‘टर्बो ठणठणीत आहे रे. पाईप फाटलाय तुझा.’ दाबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या पाईपाच्या वळणाखाली बोटभर चीर होती आणि तिच्याभोवती तेलकट धूळ बसली होती. दाबानं भरलेली हवा तिथूनच पसार होत होती.

साध्या इंजिनाला हा पाईपच नसतो. म्हणून त्या चालकानं पुढं जे विचारलं ते रास्तच होतं: मग जुनी बिनटर्बोची गाडी काय वाईट होती? हा प्रश्न नगर-संभाजीनगर रस्त्यावरच्या गॅरेजांत रोज निघतो, आणि उत्तरं बहुधा अनुभवाची असतात, म्हणजे ज्याची गाडी जशी वागली तसं त्याचं मत. इथं ते जरा हिशेबानं तपासायचं आहे.

हवा

डिझेल इंजिनाची ताकद डिझेलवर ठरते असं वाटतं, पण ती ठरते हवेवर. डिझेल पंप हवं तितकं ओतू शकतो, ते जाळायला हवा पुरली पाहिजे. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. प्रत्यक्षात सिलिंडरमध्ये हवा आणि डिझेल सगळीकडे सारखं मिसळत नाही, म्हणून धूर होऊ द्यायचा नसेल तर किलोमागे वीस किलोच्या आसपास हवा हाताशी हवी. साधं इंजिन ही हवा स्वतःच्या पिस्टननं ओढतं आणि बाहेर वातावरणाचा जेवढा दाब असेल तेवढ्यावरच त्याला भागवावं लागतं. टर्बो असलेलं इंजिन बाहेर जाणाऱ्या धुराच्या झोतावर एक चाक फिरवतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक आत येणारी हवा दाबतं, आणि सिलिंडरमध्ये जास्त किलो हवा कोंबली जाते. चाकाचा वेग मिनिटाला लाख-दीड लाख फेऱ्यांपर्यंत सहज जातो. धुरातून वाया जाणाऱ्या उष्णतेचा काही भाग असा परत कामाला लागतो. ही कल्पना आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याच्या १९०५ च्या पेटंटमधली. ती आधी जहाजांच्या मोठ्या डिझेलांवर रुजली. मोटारीत टर्बो डिझेल यायला १९७८ उजाडलं, ते आलं मर्सिडीज ३०० एसडीमध्ये.

आता घोडेगावची हवा पाहू. गाव समुद्रसपाटीपासून पाचशे-साडेपाचशे मीटरवर आहे, मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीला टेकतो. समुद्रकाठी २५ अंशांना एक घनमीटर हवा १.१८ किलो भरते. घोडेगावात मेच्या दुपारी तीच १.०६ किलोच्या आसपास येते. म्हणजे साध्या इंजिनाच्या प्रत्येक श्वासात दहा-अकरा टक्के हवा कमी, आणि ही तूट ऐन उन्हाळी कांद्याच्या हंगामात. जुन्या पंपाच्या गाडीला हे कळत नाही, ती डिझेल तेवढंच ओतते. अर्धवट जळलेलं डिझेल काळा धूर होऊन निघतं आणि इंजिन तापतं. टर्बोलाही उन्हाचा त्रास होतोच, इंटरकूलरला चाळीस अंशांच्या हवेनं गार करायचं म्हणजे कठीणच, पण विरळ हवेची भरपाई तो चाक जास्त फिरवून बरीचशी करतो.

चढ

तीन टन वजनाची गाडी धरू, माल धरून. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरनं पळताना चाकांचं घर्षण आणि वारा मिळून तिला इंजिनाकडून जेमतेम १९-२० अश्वशक्ती लागते. घोडेगाव ते नेवासा फाटा या रस्त्यावर कोणतंही इंजिन हे काम हसत करेल. तीच गाडी शंभर मीटरला सहा मीटर चढाच्या घाटात ताशी ४० नं न्यायची म्हटलं की मागणी एकदम ४० अश्वशक्तीच्या आसपास जाते, कारण आता तीन टन वर उचलायचे असतात.

२५२३ घनसेंटीमीटरचं चार सिलिंडरचं डिझेल महाराष्ट्राच्या रस्त्यावर अतिपरिचित आहे, बोलेरो पिकअपमध्ये तेच बसतं. हे इंजिन बिनटर्बोचं असतं तर मिनिटाला २००० फेऱ्यांवर किती देईल? चार-स्ट्रोक असल्यानं दोन फेऱ्यांत एकदा श्वास, म्हणजे मिनिटाला २५२३ लिटर जागा. त्यातली ८५ टक्के खरोखर भरते, मेच्या हवेचं वजन लावलं की मिनिटाला सव्वादोन किलोंच्या वर हवा जाते. वीसास एक या मापानं तासाला ६.८ किलो डिझेल जाळता येईल. एक किलोवॅट-तासाला २५० ग्रॅम डिझेल धरलं तर २७ किलोवॅट, म्हणजे ३७ अश्वशक्ती. हवे होते ४०. म्हणजे भरलेली गाडी घाटात तिसऱ्या गिअरवर दम टाकणार आणि चालक दुसरा घालून ताशी ३० वर येणार. कंपनी या पिकअपचा टॉर्क २०० न्यूटन-मीटर सांगते, तोही १४०० फेऱ्यांपासून. २००० फेऱ्यांवर तो ५७ अश्वशक्तीला बसतो. टर्बोची कमाई एवढीच आहे: या १७-२० अश्वशक्तीची, आणि ती फक्त चढावर, भरलेल्या गाडीला.

म्हणून माल घाट चढतो की उतरतो हे आधी विचारायला हवं. आश्चर्य वाटेल इतकं हे कुणी विचारत नाही.

नगरहून घोडेगावकडे येताना जेऊर सोडलं की इमामपूरचा घाट लागतो, खाली पांढरी पूल. नगर शहर साडेसहाशे मीटरवर, घोडेगाव त्याच्या खाली. जेऊर पट्ट्यातला शेतकरी कांदा घोडेगावच्या मार्केटला आणतो तेव्हा त्याची भरलेली गाडी घाट उतरते आणि रिकामी चढते. रिकामी म्हणजे पावणेदोन टन. हिशेब करून पाहिला तर तोच घाट, तोच वेग, आणि मागणी फक्त २४ अश्वशक्तीची. बिनटर्बोचं इंजिनही हे सहज पेलेल. उलट घोडेगावच्या आसपासचा माणूस नगरच्या किंवा पुण्याच्या बाजारात माल नेतो, तो भरलेली गाडी घाटावर चढवतो, तीही दर खेपेला. एकच घाट, दोन गावं, दोन वेगळी उत्तरं. नेवासा-शेवगावच्या सपाटीवरून मार्केटला येणाऱ्याला तर घाटच नाही. दोन-तीन तास रांगेत, अर्धा तास रस्त्यावर, असा त्याचा दिवस.

मुंबईची गोष्ट आणखी उलटी. आळेफाट्यावरून माळशेजनं जा किंवा पुण्यावरून बोर घाटानं, सह्याद्री भरल्या गाडीनं उतरायचा असतो. उतारावर टर्बोचा काही उपयोग नाही. तिथं खालच्या गिअरवर इंजिनानं गाडी रोखून धरणं महत्त्वाचं, आणि ती रोख साधारण इंजिनाच्या आकारमानावर येते. मोठ्या सिलिंडरांचं इंजिन जास्त रोखतं, टर्बोनं फुगवलेलं छोटं इंजिन चढताना मोठ्याच्या बरोबरीनं ओढतं पण उतरताना छोटंच राहतं. मग पाय ब्रेकवर जास्त जातो, लाइनर तापतात आणि धुक्यातल्या माळशेजमध्ये तो वास येऊ लागतो जो कुठल्याही ट्रकचालकाला आवडत नाही.

लिटरमागे किती

इथं मूळ प्रश्नाचा चेहरा बदलतो. आधी थोडा इतिहास. बजाज टेम्पोच्या मॅटाडोरमध्ये आणि पुढं ट्रॅक्समध्ये बसलेलं मर्सिडीजचं ओएम ६१६ बिनटर्बोचं होतं. महिंद्राच्या जीपांमधली प्यूजोची डिझेल बिनटर्बोची होती. १९९४ ची टाटा सुमो आली तीही १९४८ घनसेंटीमीटरच्या साध्या डिझेलवर. गावोगावच्या मिस्त्र्यांचे हात या इंजिनांवर बसले. २००५ मध्ये टाटा एस आली, आपला छोटा हत्ती: ७०२ घनसेंटीमीटर, दोन सिलिंडर, १६ अश्वशक्ती, ३८ न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क, टर्बो नाही. मग धुराचे नियम आवळत गेले. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस ४, १ एप्रिल २०२० पासून बीएस ६. काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडं दोन्ही एकदम कमी करायची तर भरपूर हवा आणि अचूक फवारा लागतो, त्यामुळे टनाच्या वरच्या डिझेल पिकअपमध्ये टर्बो आता गृहीतच आहे. शोरूममध्ये ‘टर्बो हवा की नको’ असं कुणी विचारत नाही, कारण ‘नको’ म्हटलं तर दाखवायला गाडी नाही.

पण टर्बो-टर्बोत फरक आहे आणि तो आकड्यांत दिसतो. टॉर्कला इंजिनाच्या लिटरांनी भागा. जुन्या छोट्या हत्तीचे लिटरमागे ५४ न्यूटन-मीटर येतात, साध्या इंजिनाला शोभेल असा आकडा. बोलेरो पिकअपचे ७९. टाटा इंट्रा व्ही ५० चं इंजिन १४९६ घनसेंटीमीटरचं आणि टॉर्क २२०, म्हणजे लिटरमागे १४७. तिन्हींना ‘डिझेल’ म्हणतात, पण पिस्टनवरचा सरासरी दाब काढला तर पहिल्यात सात बारच्या आत, दुसऱ्यात दहा, तिसऱ्यात साडेअठरा. मधलं इंजिन टर्बोचं असूनही स्वभावानं साध्याच्या जवळचं आहे. टर्बो त्याला आधार देतो, पण ते सगळं टर्बोवर टाकत नाही. तिसऱ्यात निम्म्याहून जास्त ताकद टर्बोची आहे.

याचा परिणाम दोन ठिकाणी जाणवतो. पहिला, खालच्या फेऱ्यांवर. धुराचा झोत जोर धरेपर्यंत चाक वेग घेत नाही, आणि तोवर १४९६ घनसेंटीमीटरचं इंजिन खरंच १४९६ घनसेंटीमीटरचंच असतं. शुक्रवारी घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातून दोन म्हशी भरून निघालेल्या चालकाला हे पायाखाली कळतं. म्हैस एकेक पाच-सहा क्विंटलची आणि ती उभी असते. आवारातून वर रस्त्यावर येताना गाडी आधी रेंगाळते, मग टर्बो भरतो आणि एकदम उसळते, म्हैस मागच्या फळीवर आदळते. मोठ्या, कमी फुगवलेल्या इंजिनाला ही उसळी जवळजवळ नसते. चांगला चालक हाफ क्लचनं सांभाळतो, पण मग किंमत क्लच प्लेट मोजते.

दुसरा परिणाम चुकीला माफी किती यावर. कमी दाबाच्या इंजिनात पाईपाला चीर पडली तर गाडी मंदावते, घरी पोचते. साडेअठरा बारच्या इंजिनात तीच चीर गाडीची निम्मी ताकद घेऊन जाते.

मग छोट्या फुगवलेल्या इंजिनाकडं कुणी का जावं? डिझेलसाठी. इंजिन स्वतःला फिरवायलाच काही ताकद खातं आणि ती आकारमानाच्या प्रमाणात वाढते. आतलं घर्षण दीड बारच्या दाबाइतकं धरलं तर २००० फेऱ्यांवर अडीच लिटरचं इंजिन साडेआठ अश्वशक्ती स्वतः खातं, दीड लिटरचं पाच. सपाट रस्त्यावर कामच २० अश्वशक्तीचं असताना साडेतीनची बचत ही दररोजची आहे. महिन्याला चार-पाच हजार किलोमीटर सपाटीवर धावणाऱ्यानं छोटं इंजिनच घ्यावं, असं माझं मत आहे.

मात्र जुन्या गाडीपेक्षा टर्बोच्या गाडीनं एव्हरेज वाढवलं असं जे सर्रास सांगतात, त्यातलं बरंच श्रेय टर्बोचं नाही. जुन्या साध्या इंजिनांत डिझेल आधी एका छोट्या कोठडीत फवारलं जाई, तिथं जळायला सुरुवात होई आणि भिंतींतून उष्णता निसटे. नव्यांत ते थेट पिस्टनवर, कॉमन रेलच्या प्रचंड दाबानं जातं. मुख्य वाचलं ते तिथं. टर्बो आणि कॉमन रेल एकाच गाडीत एकदम आले म्हणून एकाचं नाव दुसऱ्याला चिकटलं.

दुखणी

श्रेयासारखाच दोषही चुकीच्या माथी बसतो. बीएस ६ गाडीत काजळी अडवणारी जाळी असते आणि ती अधूनमधून सहाशे अंशांच्या आसपास तापून स्वतःला जाळून साफ करते. शेत ते मार्केट पंधरा किलोमीटर, मग रांगेत हळूहळू पुढं, मग परत, अशा फेऱ्यांत इंजिन कधी नीट तापतच नाही. जाळी तुंबते, दिवा लागतो, गाडी ताकद कापते. आणि चालक म्हणतो, टर्बो बिघडला. बिचारा टर्बो. आठवड्यातून एकदा भरली गाडी महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटं न थांबता पळवली तर बरेच दिवे आपोआप विझतात.

टर्बोचं खरं दुखणं तेलाचं. त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो, म्हणूनच मिस्त्रीच्या चिमटीत तो आडवा जरासा हलला आणि त्यानं ते ठीक मानलं. आत-बाहेर हलला असता किंवा चाक कडेला घासलं असतं तर गोष्ट वेगळी. घाट चढून आल्या आल्या चहाच्या टपरीसमोर गाडी बंद केली की तेलाचा प्रवाह थांबतो, दांडा लालबुंद चाकाला चिकटलेला असतो, राहिलेलं तेल तिथंच करपून कोळसा होतं. काही महिन्यांत निळा धूर आणि शिट्टी. एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवली तर हे टळतं. गंमत अशी की मार्केटच्या गेटसमोरची रांग चालकाला शिव्या घालायला लावते, पण टर्बोला तीच औषध आहे. रांगेत सरकत सरकत तो आपोआप गार होतो.

कांद्याच्या गाडीला एक खास त्रास आहे तो कुठल्या पुस्तिकेत नाही. आवारात कांद्याची टरफलं हवेवर उडत असतात आणि रेडिएटर-इंटरकूलरच्या फटींत जाऊन बसतात. रेडिएटरची जाळी बाहेरून स्वच्छ दिसते, पण दोघांच्या मधल्या फटीत बॅटरी लावून पाहिलं की तांबूस थर दिसतो. साध्या गाडीत तापमानाचा काटा वर गेला की कळायचं. टर्बोच्या गाडीत इंटरकूलर गुपचूप निकामी होतो, हवा गरम राहते आणि ओढ कमी होते.

ओव्हरलोडचं वेगळं सांगायला नको, पण सांगतो. साधं इंजिन जादा माल घातला की चढावर थांबून चालकाला हद्द दाखवत असे. टर्बोचं इंजिन ओढत राहतं, मग ॲक्सल, बेअरिंगं आणि ब्रेक मुकाट्यानं किंमत मोजतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार, त्यामुळं ही ओढ वजनकाट्यावर महाग पडते.

उरलेली निवड

साध्या इंजिनाची निवड मग संपली का? डिझेलमध्ये जवळजवळ. पण ती दुसऱ्या दारानं परत आली आहे, सीएनजीच्या. इंट्रा व्ही २० मध्ये ११९९ घनसेंटीमीटरचं बिनटर्बोचं इंजिन पेट्रोल आणि सीएनजी दोन्हीवर चालतं. पेट्रोलवर टॉर्क १०६, सीएनजीवर ९५. ही दहा टक्क्यांची घट बरीचशी कागदावरच काढता येते. मिथेनचा एक भाग जळायला साडेनऊ भाग हवा लागते, म्हणजे सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या मिश्रणातला साडेनऊ टक्के हिस्सा वायूच व्यापतो आणि तेवढी हवा बाहेर राहते. पेट्रोलची वाफ जेमतेम दोन टक्के जागा घेते. त्यात घोडेगावच्या मेची दहा टक्के तूट आणखी.

ही गाडी भरून, म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास, सहा टक्के चढावर ताशी ४० नं चढवायला ३० अश्वशक्ती हवी. २००० फेऱ्यांवर सीएनजीवर तिच्याकडं कागदी २७ आहेत, उन्हात २४. म्हणून चालकाला गिअर पाडून इंजिन अडीच-तीन हजारांवर पळवावं लागतं. डिझेलवर हात बसलेल्या माणसाला तो आवाज जिवावर येतो, इंजिन ओरडतंय असं वाटतं आणि तो पाय काढतो, मग गाडी आणखीच बसते. इंजिनाला त्या फेऱ्या सोसवतात, ते त्यासाठीच बनवलेलं असतं. टर्बोच्या गाडीला खालून ओढायची सवय लावून घेतलेला चालक आणि साध्या सीएनजीला वर पळवणारा चालक, हे दोन वेगळे पाय आहेत. एका घरात दोन्ही गाड्या असल्या की पहिले पंधरा दिवस भांडणं ठरलेली.

जेऊरकडून माल उतरवणाऱ्याला आणि नेवाशाच्या सपाटीवरच्याला मी हीच साधी गाडी सुचवेन, सीएनजीचा पंप जवळ असेल तर. घोडेगावहून नगरला भरून चढणाऱ्याला कमी फुगवलेलं अडीच लिटरचं डिझेल. आणि चाचणी कुणाचीही असो, ती शोरूमसमोरच्या रिकाम्या रस्त्यावर घेऊ नये. मागं वीस गोण्या टाका, दुपारी दोनला पांढरी पुलाशी या, तिसऱ्या गिअरवर इमामपूरचा घाट धरा आणि अर्ध्यात एकदा मुद्दाम थांबून पुन्हा निघा. विक्रेता शेजारी बसायला नाही म्हणाला तर एकटे जा.